आईच्या नावाची रजा

वर्गातल्या बाकीच्या पोरांनी ममी केल्या, पुठ्ठ्याचे पिरॅमिड केले. चंद्रहासच्या ओवीला मात्र नेमका हजेरीचा दगड सापडला. शाळेतला विषय होता प्राचीन इजिप्शियन लोकांचं रोजचं जगणं. तीन हजारांहून जास्त वर्षांपूर्वी राजांच्या कबरी खोदणाऱ्या कारागिरांची गैरहजेरी कुणा कारकुनाने चुनखडीच्या दगडावर लिहून ठेवली होती. दिवस काळ्या शाईत, त्याच्या वर कारण लाल शाईत. कुणाला विंचू चावला, कुणाचे डोळे आले, कुणी घरी बिअर गाळत होता. आणि एकाच्या नावावर लिहिलं होतं, आईचा देह कापडात गुंडाळत होता.

"बाबा, त्याला लीव्ह मिळाली. मग यू का नाही गेलास आजीसाठी?" दहा वर्षांच्या ओवीने जेवताना विचारलं होतं.

"साहेबाने दिली नाही," चंद्रहास म्हणाला आणि वरणाची वाटी पुढे ओढली.

हे उत्तर दीड वर्षात इतकं घासूनपुसून गुळगुळीत झालं होतं की आता ते सांगताना त्याची जीभ अडखळतसुद्धा नसे. खरी गोष्ट अशी की त्याने रजा मागितलीच नव्हती. ऑकलंडच्या दक्षिणेला 'ते रापा' नावाच्या वस्तीजवळच्या दूध पावडरच्या प्लांटवर तो तेव्हा शिफ्टचा हंगामी प्रमुख होता आणि कायम कुणाला करायचं ते पंधरा दिवसांत ठरणार होतं. पुण्यात आई अकरा दिवस दवाखान्यात पडून होती. भोसरीच्या पहिल्या नोकरीत रजा मागायला गेलं की साहेब विचारायचे, "तू जाऊन काय डॉक्टरकी करणार आहेस?" ती धास्ती हाडात मुरली होती, असं तो स्वतःला समजावायचा. पण भोसरीला उगाच कशाला बदनाम करा? त्याला खुर्ची हवी होती. आई गेली, अग्नी मावसभावाने दिला आणि त्याच आठवड्यात खुर्ची मिळाली. प्लांटवर त्याने आईचं नावसुद्धा काढलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

शुक्रवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये प्रदर्शन होतं. चंद्रहास आणि त्याची बायको नीलिमा ओवीच्या तक्त्यासमोर आले, आणि चंद्रहासच्या पायाखालची जमीन सरकली. दगडाच्या चित्राखाली पोरीने घरच्यांचीही तशीच हजेरी मांडली होती. आईला ताप, दोन दिवस. ओवीला कांजिण्या, सहा दिवस. आणि बाबांच्या नावापुढे लाल अक्षरांत इंग्रजीत लिहिलं होतं, 'आजी वारली. साहेबाने रजा नाकारली.'

तो तक्ता उतरवायला हात पुढे करणार, तेवढ्यात मागून आवाज आला. "किया ओरा, चंद्रा!"

हा टामाती. प्लांटवरचा त्याचा माओरी साहेब. त्याची मुलगी ओवीच्याच वर्गात होती. डोंगराएवढा माणूस, पायात जँडल्स, म्हणजे साध्या रबरी चपला. तो वाकून तक्ता वाचू लागला. वाचून झाल्यावर सरळ व्हायला त्याला बराच वेळ लागला.

"युअर मम डाइड?" त्याने हळूच विचारलं. "व्हेन?"

नीलिमानेच महिना सांगितला.

"मेट, यू नेव्हर आस्क्ड मी."

टामाती ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खालच्या आवाजात सांगत राहिला, की आमच्यात कुणी गेलं तर त्याला एकटं ठेवत नाहीत, दिवसरात्र माणसं उशाशी बसतात. टांगीला, म्हणजे मयताला, जायचंय म्हटल्यावर नाही म्हणण्याची माझी काय छाती? मी स्वतः तुला ऑकलंडच्या विमानतळावर सोडलं असतं. आणि प्रमुख तर तुलाच करायचं, हे आधीच ठरलं होतं.

चंद्रहासला तिथल्या तिथे मरून जावंसं वाटलं. नीलिमा त्याच्याकडे पाहत होती. ते अकरा दिवस रोज फोन तीच करत होती. रोज तीच सांगत होती, रजा मिळत नाहीये हो आई, हे खूप प्रयत्न करताहेत.

"आई माझ्यावर विश्वास ठेवून गेल्या," ती म्हणाली. "शेवटपर्यंत ह्या साहेबाला तळतळून शिव्या देत होत्या. त्या मेल्याला आई नाही का, म्हणायच्या."

टामातीला मराठी कळेना. त्याने ओवीकडे पाहिलं. पोरीला मराठी सगळं कळत होतं. तिने प्रामाणिकपणे इंग्रजीत सांगून टाकलं, "आजी यूज्ड टू कर्स यू. शी आस्क्ड इफ यू हॅड अ मम."

टामातीने मान हलवली. "आय डू," तो म्हणाला. मग ओवीच्या डोक्यावर हात ठेवला आणि चंद्रहासकडे न बघता आपल्या मुलीच्या पिरॅमिडकडे निघून गेला.

ओवीने खिशातून लाल पेन काढलं. साहेबाने रजा नाकारली, ह्या ओळीवर काट मारली. मग पेन तसंच धरून तिने वर पाहिलं.

"बाबा, सो व्हॉट्स द रीझन?"

मागे दुसरे आईबाप तक्ता बघायला रांगेत उभे होते. चंद्रहासने नीलिमाकडे पाहिलं. दीड वर्ष त्याच्या वतीने उत्तर देणारी ती बाई या वेळी गप्प राहिली.

"लिही," शेवटी तो म्हणाला. "कामावर हजर होता."