वरच्या मजल्यावरचा हशा

तात्यापारा या जुन्या मोहल्ल्यातल्या आपल्या घराचा वरचा मजला विजयाताईंनी भाड्यानं द्यायला काढला, तेव्हा बघायला आलेल्या सगळ्यांत त्यांना सोनियाच आवडली होती. बिलासपूरच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, बोलणं अर्धं हिंदी, अर्धं मराठी. नवरा स्वानंद उरल्याच्या रोलिंग मिलमध्ये सुपरवायझर. आधी दोघं तेलीबांध्याला आठव्या मजल्यावर राहत होती.

"तिथं लिफ्ट होती, तलाव दिसत होता, सब कुछ था दीदी," सोनिया म्हणाली. "पण शेजारी कोण राहते तेच माहीत नव्हतं. मले असा पारा, असा मोहल्ला पाहिजे जिथं आवाज येतात."

आवाजांना तात्यापाऱ्यात तोटा नव्हता. कुणाकडे भजन, कुणाच्या ओसरीवर तबला, आणि गणपती जवळ आले की विजयाताईंच्या बैठकीत पोरांचं नाटक. वीज मंडळातली नोकरी सांभाळून आणि निवृत्त झाल्यावरही ते नाटक बसवायचं विजयाताईंनीच. पाऱ्यातली अर्धी तरणी मंडळी लहानपणी त्यांच्या हाताखाली मावळा नाहीतर उंदीर झालेली होती.

सोनिया राहायला आली आणि पहिल्याच उन्हाळ्यात पोरं वर जाऊ लागली. आधी कॅरम खेळायला, मग नुसतीच. ती त्यांच्या नकला करायची, त्यांना आपल्या करायला लावायची. खाली विजयाताई एकट्या भाजी निवडत बसायच्या आणि छत हादरावं असा हशा वरून यायचा. कशाला हसतायत हे कळायचं नाही, त्यानं जास्तच जळजळ व्हायची.

गणपतीच्या तालमींना त्यांनी नेहमीसारखी हाक दिली. पोरं आली, पण चुळबुळत. एकीनं धीर करून विचारलं, "आजी, सोनियादीदी को भी बुला लें? वो मजेदार करवाती है."

"मजेदार!" त्या दिवशी तालीम लवकर संपली. त्या वर्षीचं नाटक कसंबसं पार पडलं.

समोरच्या घरातली गोदावरी त्यांची लहानपणापासूनची मैत्रीण. तीसुद्धा म्हणाली, "विजे, पोट्टीत गुण आहे हं. पोट्ट्यांचं मराठी सुधरून राहिलं तिच्याकडं. नकला मराठीतच करायले लावते."

हे मात्र विजयाताईंना सोसलं नाही. पोरं हिंदीत बोलतात म्हणून आयुष्यभर घसा कोरडा केला आपण, आणि श्रेय कालच्या भाडेकरणीला! त्यांनी गच्चीला कुलूप लावलं. मग जिन्यातल्या चपलांवरून बोलल्या. मग पाण्यावरून. सोनिया दरवेळी "सॉरी दीदी" म्हणायची, आणि त्यानं विजयाताईंचा राग आणखी वाढायचा. शेवटी एका सकाळी त्यांनी तिला खाली बोलावलं.

"माझा भाचा नागपूरवरून बदलून येऊन राहिला. मले घर लागन."

सोनियानं क्षणभर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "हव, सोडते," एवढंच म्हणाली.

महिनाअखेर सामान निघालं. टेम्पो गल्लीबाहेर गेलाच नाही. समोर, गोदावरीच्या दारात उभा राहिला. तिचा माडीवरचा भाग रिकामाच होता.

आता सगळं खिडकीतून दिसायला लागलं. पूर्वी नुसता आवाज यायचा, आता हातवारेही दिसत. आपल्या डोक्यावरच्या खोल्या गप्प झाल्या होत्या. भाचा कधी येतो, असं गोदावरीनं दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं नाही. पुढच्या वर्षी गणपती जवळ आले, तेव्हा यंदा नाटक सोनियाच बसवणार, असं गणपती मंडळानं परस्पर ठरवलं. विजयाताईंनी खिडकी लावून घेतली, मग थोडी उघडली.

एका संध्याकाळी समोर तालीम चालली होती. एक पोरगा वाक्य मध्येच तोडत होता आणि कुणी सांगत नव्हतं. विजयाताईंनी पुष्कळ वेळ सोसलं. मग चपला घातल्या, गल्ली ओलांडली आणि गोदावरीचा जिना चढल्या. पोरं उठून उभी राहिली.

"भाचा आला नाही," त्या दारातच म्हणाल्या.

"मुझे पता था, दीदी. तेव्हाच माहीत होतं." सोनियाच्या आवाजात गोडवा नव्हता. "घर सोडायचं दुःख नव्हतं. तुम्ही तोंडावर काहून नाही सांगितलं, त्याचं झालं."

विजयाताई जिन्याकडे वळल्या, पण उतरल्या नाहीत. शेवटी सोनियाच म्हणाली, "प्रॉम्प्टिंगले कोणी नाही. कराल?"

प्रॉम्प्टिंग! पडद्याआड उभं राहून कुजबुजायचं काम. हे काम त्या स्वतः नेहमी सगळ्यांत नवख्या माणसाला देत आल्या होत्या.

"आण संहिता," त्या म्हणाल्या.

प्रयोगाच्या दिवशी मांडव भरला होता. विजयाताई विंगेत उभ्या होत्या. मध्येच एक चिमुरडी अडखळली. तिनं समोर बसलेल्या आईकडे पाहिलं नाही, सोनियाकडेही नाही. मान वळवली ती थेट विंगेकडे. विजयाताईंनी शब्द पुरवला आणि पोरगी सुटली.

टाळ्या पडल्या तेव्हा माणसांनी सोनियाला पुढे ओढलं. पोरं तिच्या कमरेला लोंबकळली. पडद्याआडून विजयाताई पाहत होत्या. टोचलं. चांगलंच टोचलं. इतकी वर्षं तिथं त्या उभ्या असत.

गर्दी ओसरल्यावर सोनिया घामेजलेल्या तोंडानं आत आली. "दीदी, समता कॉलनीवाल्यांना रविवारी हाच प्रयोग पाहिजे. याल ना?"

"बघते," म्हणायचं विजयाताईंच्या ओठांवर आलं होतं.

"येईन," त्या म्हणाल्या. "पण त्या वाक्य तोडणाऱ्या पोट्ट्याले उद्या माझ्याकडं पाठव. लय घाईत बोलते."