अंगठ्यानं सोडवलेली व्ही.पी.

साहेब, तुम्ही गुणाबाईला बँकेचं कार्ड नाकारलं. चार माणसांत नाकारलं, आणि वर हसलात. खातं तिचं, पैसे तिनं मासोळ्या विकून त्यात भरलेले. भरणा करताना तिचा अंगठा तुम्हाला चालतो, आणि कार्ड मागितलं की तोच अंगठा अडाणी ठरतो. तुमच्या बाबूनं सांगितलं की अंगठेवाल्याला कार्ड मिळत नाही, नियम आहे. नियम कोणी केला ते सांगितलं नाही. उलट शाईचा डबा बाजूला सारून टोमणा मारला, की बाई, तुझ्या अंगठ्याला रेषाच नाहीत. रेषा कशा राहतील? चाळीस वर्षं जाळं विणलं, ओढलं, धुतलं त्या अंगठ्यानं. सुतानं रेषा खाल्ल्या. तुमच्या अंगठ्यावर आहेत, कारण तुमच्या अंगठ्यानं काही ओढलेलं नाही.

कार्ड तिला मिरवायला नको होतं. नवऱ्याच्या कानासाठी हवं होतं.

नवरा लटारू. नागभीडच्या पलीकडं त्यांचं गाव, गावाला मोठा तलाव. वैशाखात पाणी उतरलं की मच्छीमार सोसायटीचे सगळे ढिवर मिळून मोठं जाळं टाकतात. जाळ्याला दोन दोर. उथळ अंगाचा कोणीही धरतो. खोल अंगाचा दोर तीस वर्षं लटारूचा. तलावाच्या बांधावरून, पाळीवरून, म्होरक्या हाक देतो, त्या हाकेसरशी दोन्ही दोर एकदम आले पाहिजेत. एक मागं राहिला की जाळ्याचा पाय उचलतो, आणि मासोळी खालून निघून जाते.

लटारूचे कान गेले तेव्हा मूल गावच्या शिबिरात त्याला कानाचं यंत्र मिळालं. हार घालून फोटो काढला. यंत्रासोबत बटणाएवढ्या बॅटऱ्यांचं एक पाकीट होतं, प्रत्येकीवर नारिंगी पट्टी चिकटवलेली. पट्टी काढली, हवा लागली, की बॅटरी चालू. दोन आठवड्यांत एक संपते. पाकीट संपलं, शिबिर परत आलं नाही. नागभीडच्या घड्याळवाल्यानं दिलेला सेल यंत्रात बसेना. चंद्रपुरात त्या आकाराची नव्हती. नागपुरात भाच्याला दुकानदारानं ऐकवलं, आमच्याकडून यंत्र घेतलेल्यालाच बॅटरी देतो.

मागच्या वैशाखात लटारू मुक्या यंत्रानिशी पाण्यात उतरला. हाक आली, त्याला कळली नाही. जाळ्याचा पाय उचलला आणि साऱ्या गावादेखत अर्धी मासोळी निघून गेली. यंदा म्होरक्या खुशालनं जाळं टाकायच्या वीस दिवस आधीच घरी येऊन सांगितलं.

"लटारूभाऊ, यंदा तू पाळीवर बस. वाटा भेटन तुले."

लटारूला ऐकू आलं नाही. गुणाबाईला आलं. वाटा बसून खाणाऱ्यांतला तिचा नवरा नव्हता. तिनं तिथंच सांगून टाकलं की त्या दिवशी दोर तोच धरेल.

दुसऱ्या दिवशी ती नागभीडला सुरेंद्रच्या नेट कॅफेत गेली. साल दोन हजार सात. सुरेंद्रनं शोधून शोधून पुण्याच्या एका दुकानाचं पान काढलं. त्यावर तीच बॅटरी, तीच नारिंगी पट्टी. गुणाबाईनं पडद्याला बोट लावून खात्री केली. मग खाली कार्डाचा नंबर मागितला.

"कोणतं कार्ड?" तिनं विचारलं. "राशनचं आहे, मतदानाचं आहे, आता रोजगार हमीचं बी आलं."

त्यातलं एकही चालत नव्हतं. म्हणून ती, साहेब, तुमच्याकडं आली, आणि वर सांगितलं ते घडलं. परत गेली तेव्हा सुरेंद्रनं स्वतःचं कार्ड काढून नंबर टाकून पाहिला. पानानं तोही फेटाळला. त्याचं कार्ड मशीनमधून पैसे काढण्यापुरतंच होतं.

"पाह्य बरं," गुणाबाई म्हणाली, "तुह्या कार्डालेबी अंगठाच दिसून राह्यला."

पानाच्या तळाशी दुकानाचा फोन नंबर होता. तिनं तो लावायला लावला. पलीकडच्या पोरीनं गोड आवाजात कार्ड नंबर मागितला. गुणाबाईनं सांगितलं की व्ही.पी. करा, पार्सल पोस्टात आलं की पैसे भरून सोडवून घेतो. तिच्या लग्नात रेडिओ आला होता तो असाच, व्ही.पी.नं. पोरगी म्हणाली, ते आम्ही बंद केलं. खेड्यातले लोक मागवतात आणि सोडवत नाहीत, पार्सल परत येतं, टपालाचा भुर्दंड आम्हाला.

सुरेंद्रनं फोन ठेवायला हात पुढं केला. गुणाबाईनं तो हात बाजूला केला.

"जायाचा अन् वापस याचा, दोनी खर्च किती होते ते सांग, बाई. तो मी पहिलेच पाठवतो. मंग तं तुमाले भेव नाई ना?"

मग मालकाला विचारून पोरगी आली आणि म्हणाली, मनिऑर्डर पोचली की त्याच दिवशी पार्सल निघेल.

साहेब, हे नीट ऐका. मोठमोठी शिकलेली माणसं बसून जे कोडं सोडवत होती, की अनोळखी माणसानं अनोळखी दुकानावर भरवसा कसा ठेवावा आणि दुकानानं त्याच्यावर, ते या बाईनं फोनवर उभ्या उभ्या सोडवलं.

गावच्या पोस्टात पोस्टमास्तर श्रीहरीभाऊनं मनिऑर्डर लिहिली. फॉर्मच्या खाली निरोपाला चार बोटं जागा असते. त्यात गुणाबाईनं सांगितलं ते त्यानं बारीक अक्षरात बसवलं: नारिंगी पट्टीची कानाची बॅटरी, दोन पाकिटं, व्ही.पी.नं पाठवा, सोडवणार.

"कमाल आहे बाई," श्रीहरी म्हणाला, "तुमी तं कम्प्युटरले मनिऑर्डर करून राह्यल्या."

पुढचे दिवस ती रोज पोस्टात जाऊन आली. खुशालनं खोल दोरासाठी तरण्या बिरजूचं नाव ठरवूनही टाकलं. जाळ्याच्या दोन दिवस आधी, शनिवारी दुपारी, टपालाच्या थैलीतून तळहाताएवढं पार्सल निघालं. पैसे दिले. सहीच्या जागी श्रीहरीनं तिचा अंगठा स्वतःच्या हातानं धरून टेकवला. ठसा धूसर उठला. धूसर तर धूसर. त्यानं बाजूला 'गुणाबाईच्या डाव्या हाताचा अंगठा' असं लिहिलं, खाली साक्षीदार म्हणून स्वतःची सही केली, आणि पार्सल तिच्या हातात दिलं. एवढंच लागतं, साहेब. एक माणूस, जो म्हणेल की हो, ही तीच आहे.

सोमवारी पाळीवर सारा गाव. गुणाबाईनं पट्टी सोलली, बॅटरी जरा वेळ हवेला धरली, यंत्रात बसवली आणि नवऱ्याच्या कानाशी सवयीनं मोठ्यानं ओरडली.

"ओरडू नको वं," लटारू म्हणाला. "आयकू येते."

खुशाल पाहत होता. त्यानं बिरजूच्या हातातला दोर घेतला आणि लटारूच्या हातात दिला. लटारू छातीभर पाण्यात उतरला. पाळीवरून हाक आली. दोन्ही दोर एकदम आले. पुन्हा हाक, पुन्हा दोर. जाळं काठाला लागलं तेव्हा आत रोहू, कतला, मरळ यांचा नुसता खच, आणि गाव लटारूचं नाव घेत होता. ते त्याला ऐकू येत होतं. गुणाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती. त्या दिवशी पाळीवर तिच्याएवढं उंच कोणी नव्हतं.

बुधवारी ती तुमच्याकडं आली. तुमच्या टेबलावर तिनं पार्सलचा कागद पसरला. त्यावर पुण्याचा शिक्का, तिचं नाव.

"हा अंगठा पुण्यापर्यंत चालला, साहेब. तुमच्या इथी काऊन नाई चालत?"

तुम्ही म्हणालात, पुढच्या आठवड्यात या. ती म्हणाली, मी बसतो. ती बाकावर बसली आहे. आता तिला तुमचं कार्ड नको, तिनं तिची वाट काढली. तिला उत्तर पाहिजे. तोंडी नको, लिहून द्या. ती वाचून घेईल कोणाकडून तरी. तुम्ही फक्त लिहा, आणि खाली सही करा. लिहिता का?