मावशीच्या मिस्साची भाषा

गोराईतल्या घराच्या अंगणात मावशीची शवपेटी ठेवली होती आणि फादर रुफिनाला समजावत होते, "अंत्यविधीची मिस्सा इंग्रजीतच होईल. नव्या इमारतींतल्या लोकांना मराठी कळत नाही."

"मावशीला इंग्रजी कळत नव्हतं, फादर."

"बाळ, देवाला सगळ्या भाषा कळतात."

"मग मराठीच घ्या ना!"

मागे कुणीतरी खुदकन हसलं. चर्चच्या समितीतले एलायस अंकल चिडले. "रुफी, निवडणूक तोंडावर आलीय. चर्चमध्ये भाषेचं राजकारण नको."

रुफिनाचं डोकंच फिरलं. "राजकारण? पोर्तुगीज आले तेव्हा आपल्या पूर्वजांना लॅटिन येत होती का, अंकल? पाद्रीच मराठी शिकले. तेव्हा बाटवायला मराठी चालली, आणि आता पुरायला चालत नाही?"

अंगणातल्या सगळ्या माना तिच्याकडे वळल्या. 'बाटवणं' हा शब्द बाहेरचे लोक इथल्या ख्रिस्ती लोकांना शिवीसारखा ऐकवायचे. या घरात तो कधी कुणी उच्चारला नव्हता. रुफिनालाही त्याचा चटका बसला, पण तिने शब्द मागे घेतला नाही.

फादरांनी हातातलं इंग्रजी पुस्तक मिटलं. "मराठी वाचेन मी," ते हळूच म्हणाले, "पण चुका होतील."

"होऊ देत. मावशी काही सुधारायला उठणार नाही."