मागे ठेवलेला अंगठा

रजेवर जाताना अंगठा ऑफिसात ठेवून जायचा, अशी त्या कंपनीतली पद्धत होती. उजव्या हाताचा. पॅन्ट्रीतल्या बेसिनपाशी साबणाचं पाणी लावून, घट्ट बांगडी काढतात तसा तो हलके हलके फिरवला की निघून यायचा. रक्त नाही, दुखणं नाही. मग तो ओल्या कापसात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घालायचा, डब्यावर नावाची पट्टी चिकटवायची आणि फ्रिजमध्ये दह्याच्या भांड्याशेजारी ठेवून खुशाल गावाला जायचं. मागे कुणाचं काही अडलं तर तो डबा उघडायचा, अंगठा मंजुरीच्या काचेवर टेकवायचा आणि पुन्हा कापसात झोपवायचा. अंगठा न ठेवता जाणाऱ्याला कुणी एका शब्दाने बोलत नसे. परत आल्यावर त्याला चहाला हाक मारत नसत, एवढंच.

आपण एक कुटुंब आहोत, असं पॅन्ट्रीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. घरातल्या माणसांपासून कुणी काही कुलपात ठेवतं का, असं तिथली माणसं हसून विचारायची. आणि हे विचारणाऱ्यांचा धंदा काय, तर कुलपांचा. फ्लॅटच्या दारांना बसवायची नवी कुलपं, बोटाने आणि फोनवरून उघडणारी. त्यांच्या आत चालणारं सॉफ्टवेअर ही मंडळी लिहायची.

विभावरी कुंटेचा अंगठा त्या मजल्यावर सगळ्यांत वजनदार होता. कुलपांच्या सॉफ्टवेअरमध्ये नवा बदल केला की तो शेवटी तिच्यासमोर यायचा. ती तपासायची, भोकं शोधायची आणि मगच अंगठा टेकवायची. तो टेकल्याशिवाय शहरातल्या एकाही दारापर्यंत काही पोचत नसे. या एका गोष्टीचा तिला अभिमान होता आणि तो तिने कधी लपवला नाही.

त्या महिन्यात तिच्यासमोर जो बदल आला त्याचं नाव होतं कुटुंबप्रमुख. ज्याच्या नावावर कुटुंबाची नोंद आहे, त्याला कुटुंबातल्या कुणाचंही दार कुठूनही, न विचारता उघडता येणार होतं. कल्पना हर्षद सबनीसची. हर्षद म्हणजे तिचा वरिष्ठ, कायम हसतमुख, आवाज कधी न चढवणारा माणूस. म्हाताऱ्या आईवडिलांच्या काळजीपोटी हे करतोय, असं तो सांगत होता.

विभावरीच्या डोळ्यांसमोर म्हातारे आईवडील आले नाहीत. तिला आपली थोरली बहीण स्वरूपाताई दिसली. ताई नवऱ्याचं घर सोडून, गालावरची सूज ओढणीखाली झाकून बाहेर पडली होती आणि आता शहराच्या दुसऱ्या टोकाला एका खोलीत एकटी राहत होती. तिच्या दाराला कुलूप विभावरीनेच बसवून दिलं होतं, या कंपनीचं, कर्मचाऱ्यांच्या सवलतीत. नोंदीत ताईच्या कुटुंबाचे प्रमुख अजून भावोजीच होते. प्रमुख बदलायला प्रमुखाची संमती लागायची, आणि भावोजी कशाला देतायत.

तिने हर्षदला सरळ सांगितलं की हा बदल माझ्या हातून जाणार नाही. तिने ताईचं नाव घेतलं नाही, पण अशा बाया किती असतील याचा तरी विचार कर, असं म्हणाली. हर्षदने सगळं ऐकून घेतलं. घाई नाही, तुझा वेळ घे, म्हणाला, आणि जेवताना स्वतःच्या पानातली बर्फी उचलून तिच्या पानात ठेवली.

मग तिच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि साताऱ्याला जाणं भाग पडलं. निघताना ती पर्स घेऊन जिन्यापाशी पोचली, तेव्हा सगळ्या मजल्यावर टाइप करायचा आवाज थांबला. कुणी वर पाहिलं नाही. पण सगळ्यांच्या माना जराशा वळल्या होत्या, तिच्या उजव्या हाताकडे. तिला अंगावर पाल पडल्यासारखं झालं. ठेवायचा नाही हे तिने मनाशी पक्कं केलं होतं, आणि तरीही ती मागे वळली, बेसिनपाशी गेली आणि साबण हातात घेतला. भीड, दुसरं काय. ही एक गोष्ट आपल्या माणसांच्या हाडांतच असते. डब्यावर पट्टी चिकटवताना चार बोटांनी ती नीट बसेना, तेव्हा हर्षदने येऊन मदत केली.

ती परत आली तेव्हा डबा रिकामा होता. कापूससुद्धा कोरडा. तिने शेजारच्या टेबलावर विचारलं, तर अंगठा मीटिंगमध्ये आहे असं उत्तर मिळालं. ती मीटिंगच्या खोलीत गेली. लांबलचक टेबलाभोवती सगळे बसले होते आणि तिच्या खुर्चीवर, दोन उशा रचून, त्यावर तिचा अंगठा उभा होता. चांगला बाळसेदार झालेला. त्याचा रंगही उजळला होता. हर्षद काही म्हणाला की तो पुढे झुकायचा, आणि सगळे समाधानाने हसायचे.

त्याच्या पाठीमागे पडद्यावर त्याचं कौतुक लिहिलेलं होतं. नीतिमत्तेचा जो वार्षिक अभ्यासक्रम कंपनी सगळ्यांना सक्तीने करायला लावते, तो त्याने पैकीच्या पैकी गुण घेऊन पुरा केला होता. विभावरीला तिथे दरवर्षी दोन-चार प्रश्न चुकायचे, कारण ती उत्तराखाली शंका लिहायची. कुटुंबप्रमुखलाही त्याने मंजुरी दिली होती. बदल सकाळीच निघाला होता आणि संध्याकाळपर्यंत एकेका दाराला पोचणार होता.

तिने पुढे होऊन अंगठा उचलला आणि जागेवर बसवायला गेली. तो बसेना. त्याचं बूड रुंदावलं होतं आणि आटे झिजले होते. इतक्यांनी इतक्यांदा फिरवल्यावर दुसरं काय होणार. तिने जोर केला तेव्हा त्याने अंग चोरलं आणि नख तिच्याकडून वळवून हर्षदकडे केलं.

"तो आता तुझा एकटीचा नाही, विभा," हर्षद म्हणाला. "टीमचा आहे."

"माझ्या हाताचा आहे तो."

"होता. आम्ही कुठे नाही म्हणतोय?"

मग त्याने दोन्ही हातांनी, तान्ह्या पोराला घ्यावं तसा, अंगठा तिच्याकडून काढून घेतला. कुणीतरी तिच्यासाठी दार उघडून धरलं. इतक्या नम्रपणे तिला आयुष्यात कुणी हाकललं नव्हतं.

सुरक्षा विभाग त्याच मजल्याच्या टोकाला होता. ती चालायला लागली तसा कॉरिडॉर लांबत गेला. आधी कुंड्या संपल्या, मग खिडक्या संपल्या, मग नुसती भिंत. घोरपडे साहेबांचं टेबल समोर दिसत होतं आणि तितकंच लांब राहत होतं. ती पळायला लागली तेव्हा कुठे ते जवळ आलं. घोरपडे कंपनीच्या सुरक्षेचे प्रमुख. माणूस निवांत होता. तिने धापा टाकत सगळं सांगितलं आणि बदल मागे घ्यायला लावा म्हणून हात जोडले. एका हाताला अंगठा नसल्यामुळे ते जोडणंही धड जमलं नाही.

तक्रार घ्यायला त्यांची ना नव्हती. त्यांनी काच पुढे सरकवली आणि अंगठा टेकवा म्हणाले.

"साहेब, तोच तर नाही ना माझ्याकडे."

"मग तुम्ही विभावरी कुंटे कशावरून?"

तिने गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं. त्यावरच्या फोटोत एक अंगठा होता, पाठीमागे निळा पडदा, नखावर हसू. घोरपड्यांनी तो फोटो पाहिला, तिचा चेहरा पाहिला आणि कीव आल्यासारखी मान हलवली. विभावरी कुंटे यांची तक्रार आधीच आलेली आहे, ते म्हणाले, एक अनोळखी बाई मीटिंगमध्ये घुसून त्यांच्या अंगाला झोंबली म्हणून. आपण सभ्यपणे जिन्याने खाली जाल, की माणसं बोलावू?

ती खाली उतरली. मागे दारं एकेक करून लागत गेली.

ताईला फोन करायला म्हणून तिने पर्समधून फोन काढला. फोन फक्त अंगठ्याने उघडायचा. बंद पडद्यावर तिच्याच नावाने ताईला गेलेला मेसेज मात्र दिसत होता. काळजी करू नकोस, सगळं सुरक्षित आहे, आज कुणी माझं नाव सांगत आलं तर दार उघडू नकोस. दुसऱ्या कुणाच्या फोनवरून करण्यात अर्थ नव्हता. अनोळखी नंबर ताई उचलतच नसे, भावोजींच्या धास्तीने. विभावरीने रिक्षाला हात केला. जिवाच्या आकांताने ती रिक्षावाल्याला चला, चला म्हणत राहिली आणि तो बिचारा प्रत्येक सिग्नलला आरशातून तिच्या हाताकडे बघत राहिला.

ताईच्या सोसायटीत दिवेलागण झाली होती. गेटवरच्या वॉचमनने विभावरी कुंटे मघाशीच वर गेल्यात असं सांगितलं आणि तिला अडवायला उठला. ती त्याला चुकवून जिन्याने धावली. चौथ्या मजल्यावर ताईचं दार. कुलपावर लाल दिवा जळत होता, म्हणजे नवा बदल अजून पोचायचा होता. तिला रडूच फुटलं, सुटल्यासारखं.

तिने दार ठोठावलं. भावोजींना आता बाहेरून दार उघडता येईल, लगेच माझ्याबरोबर निघ, असं तिने फटीला तोंड लावून सांगितलं. आत ताईची पावलं दारापाशी येऊन थांबली.

"विभा असशील तर अंगठा लाव," ताई आतून म्हणाली. "उघडेल."

"ताई, अंगठा नाहीये गं. आवाज ओळख ना माझा."

"आवाज कुणीही काढतं हल्ली. विभानेच शिकवलंय मला, आवाजाला भुलायचं नाही म्हणून. विभाचं नाव घेऊन आलात ना? जा इथून."

विभावरीने लहानपणीच्या गोष्टी सांगितल्या, आईच्या गुडघ्याचं सांगितलं, दोघींनाच ठाऊक असलेलं एक टोपणनाव सांगितलं. आतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. ताई कपाट दाराला लावत होती. तेवढ्यात लिफ्ट थांबली आणि भावोजी बाहेर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात पेढ्यांचा पुडा. लग्नात होते तसेच देखणे.

"अरे, विभा. तूही आलीस का," ते म्हणाले. "बरं झालं."

त्यांनी बेल वाजवली नाही, हाक मारली नाही. फोन खिशातून काढला, बघितला आणि भिंतीला टेकून उभे राहिले. थोडा वेळ लागतोय, ते म्हणाले, पण येईल.

लाल दिवा निळा झाला. विभावरीने धावत जाऊन कुलपाची मूठ धरली, खाली जाऊ नये म्हणून वर ओढून धरली, सगळ्या अंगाचं बळ लावून. बाहेरची ओढाताण ऐकून आत ताई किंचाळली आणि कपाटाला पाठ लावून बसली. चार बोटं घामाने घसरत होती. मूठ तिच्या हाताखाली उतरायला लागली, जोराने नव्हे, कुणी कुलपाच्या आतून हळूच दाबावी तशी. तो दाब जरासा डावीकडे कललेला, भिडस्त, नाही म्हणता न येणाऱ्या माणसाचा होता. विभावरीने तो लगेच ओळखला, तिच्याच अंगठ्याचा.

भावोजींनी पेढ्यांचा पुडा दुसऱ्या हातात घेतला आणि पायपुसण्यापाशी येऊन, आत जाणाऱ्या पाहुण्यासारखे, टाचेने एकेक बूट काढायला लागले.