मिरचीची शपथ

बांद्याला आमच्या ओट्यावर दर रविवारी सकाळी तीन माणसं जमत आणि स्वतःला नवलमंडळ म्हणवून घेत. एक आमचे हे, पोस्टातून निवृत्त झालेले. सगळे त्यांना अप्पा म्हणत, तेव्हा इथे मीही तेच म्हणते. दुसरे शाळेतले फॉस्टिन मास्तर आणि तिसरे कट्ट्याच्या बाजारात कापडाचं दुकान असलेले जयराम. प्रत्येकाने आठवड्याला एक नवल आणायचं, एवढाच यांचा उद्योग. मास्तरांचं नवल इतिहासातलं असे, जयरामांचं हसवणारं आणि अप्पांचं खाण्यातलं. चहा-पोहे मात्र तिघांनाही माझेच.

मंडळाला नियम एकच होता आणि तो अप्पांनी केलेला. खोटी गोष्ट खरी म्हणून सांगेल त्याने बाकीच्यांना जेवू घालायचं, आणि बाकीच्यांनी पानात पडेल ते सगळं खायचं, नको म्हणायचं नाही. जयरामांना हा दंड चारदा बसला. वेंगुर्ल्याचा कोणी डच साहेब सोलकढी औषध म्हणून चमच्याने घेई, असं त्यांनी ठोकून दिलं होतं. पकडले गेल्यावर त्यांनी सूड म्हणून नुसत्या कारल्यांचं जेवण केलं, आणि अप्पांनी ते डोळे मिटून संपवलं. मास्तरांना बारा वर्षांत एकदाही दंड नाही. दोन पुस्तकांत सापडल्याशिवाय ते गोष्ट तोंडातून काढत नसत.

एकसष्टच्या डिसेंबरात गोवा मोकळा झाला. मास्तरांची बहीण म्हापशाला दिलेली, तिला कित्येक वर्षांत भेटता आलं नव्हतं. त्यांनी आमच्या ओट्यावर येऊन साखर वाटली. अप्पांच्या अंगात तर वारंच शिरलं.

"साडेचारशे वर्सांनी गेले! आजपासून पोर्तुगिजांचा काय्येक मी तोंडात घालूचंय नाय," ते म्हणाले.

मास्तर हसत म्हणाले, "मग मिरसांग सोड, अप्पा. मिरसांग तेंच्याच गलबतांतून इली."

मिरची सोडायची, ही गंमत होती. जयराम हसले, मीही दारात हसले. अप्पा हसले नाहीत. "सोडली," म्हणाले. त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, हे माझ्याइतकं कोणाला माहीत? पंचवीस वर्षं मी त्या दगडावर डोकं आपटत होते.

दुसऱ्या दिवसापासून माझ्या घरात दोन कालवणं शिजू लागली. त्यांना मिरी आणि तिरफळ वाटून केलेलं, फिकट, बाळंतिणीला देतात तसलं. मला माझं लाल. मी काही शपथ घेतलेली नव्हती. बांगड्याचं तिखलं त्यांच्यासमोर बसून बोटं चाटत खायची, अगदी मुद्दाम. हा माणूस खाली मान घालून आपलं फिकट कालवण भुरके मारत संपवी आणि वर "बरां झाला" म्हणे. मला त्याचा राग येई आणि कौतुकही वाटे, आणि कौतुक वाटतं म्हणून आणखी राग येई.

एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. पण पुढच्या रविवारी अप्पांनीच विचारलं, "आणि काय हाडल्यानी तेनी?" पोर्तुगिजांनी आणखी काय आणलं हे सांगायचं मास्तरांनी टाळलं. अप्पांनी नियमावर बोट ठेवलं, विचारलं तर खरं सांगायला हवं. झालं, दर रविवारी यादी वाढत गेली. काजू गेला, बटाटा गेला, अननस, पपई, पेरू गेले. सीताफळ निघालं तेव्हा जयराम म्हणाले, "सीतामायेन वनवासात खाल्ला ता मगे काय?" त्यावर अप्पासुद्धा हसले, आणि हसत हसत सीताफळही सोडलं. महाशिवरात्रीला कळलं, की शेंगदाणे, रताळी, साबुदाणा, सगळा उपासच मुळी गलबतातून आलेला. त्या दिवशी ते वरीच्या तांदळावर राहिले. मग तंबाखू निघाली. पंधराव्या वर्षापासूनची सवय त्यांनी एका सकाळी चंचीसकट परसात फेकली, आणि आठवडाभर घरातली दारं इतकी आपटली की एकाची बिजागरी निखळली.

माणूस निम्मा झाला. सदरे अंगावर लोंबायला लागले.

मास्तर कानकोंडे होत. एकदा चहाचा कप परत देताना हळूच म्हणाले, "वयनी, माझी जीभ झडली असती तर बरां." खरं सांगायचं तर तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

ईस्टर झाल्यावर मास्तरांची मुलगी बर्नादेत आपल्या लग्नाचं आवतण घेऊन आली. आम्हाला मूल नाही. ही पोरगी आमच्याच ओट्याच्या कडेला धरून चालायला शिकली, अप्पांच्या ताटातली मासळी खाऊन वाढली. तिने दोघांनाही वाकून नमस्कार केला.

अप्पा म्हणाले, "येतलंय गो बाय. पण जेवूचंय नाय. पाणी पितलंय."

तिचं तोंड एवढंसं झालं. "बरां, अप्पा," म्हणाली आणि माझ्याकडे न बघता गेली.

मी त्या दिवशी त्यांच्याशी भांडले. सरळ भांडले. आजवर मास्तरांच्या घरी अप्पा मांडी घालून जेवत, तेव्हा देवळाकडची चार माणसं नावं ठेवत, आणि अप्पा त्यांना जुमानत नसत. आता भर मांडवात हा माणूस पान सोडून पाणी पिणार. मिरचीची शपथ कोणाला कळणार होती? लोक म्हणणार, बघा, गोवा मोकळा झाला आणि अप्पाला मास्तर बाटगा वाटायला लागला. मास्तरांनी ते व्याह्यांसमोर ऐकायचं?

"लोकांचा माका सांगू नको. शब्द दिलंय," ते म्हणाले. पण त्या रात्री त्यांनी फिकट कालवणही टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या घरी गेले. म्हटलं, "मास्तरानु, एकदाच खोटां बोला. मिरसांग आमचीच, माझी चूक झाली, म्हणान सांगा. दंड पडात एका जेवणाचो."

मास्तरांनी हातातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "वयनी, दंडाचा माका काय नाय. पण बावीस वर्सां पोरांका खरां बोला म्हणान शिकवलंय. आता चेडवाच्या लग्नासाठी खोटां कसा बोलू?"

आतून त्यांची बायको आग्नेस पातेल्यावर झाकण आपटत म्हणाली, "दोगय खुळे, आनंदी! एकाक शपथेचा खूळ आणि एकाक पुस्तकाचा!"

मी रिकाम्या हाताने परत आले, पण गप्प बसणार नव्हते. मांडवात मी स्वतः उभी राहून सगळ्यांना शपथेची गोष्ट सांगायची, हसले तर हसोत, असं ठरवून टाकलं.

लग्न बुधवारी होतं. त्याआधीच्या रविवारी मंडळ बसलं. मी चहा घेऊन दारात आले. ओट्यासमोरचं आमचं हापूसचं कलम फळांनी वाकलेलं होतं आणि माजघरातल्या अढीचा वास ओट्यापर्यंत येत होता. हे कलम मास्तरांच्या वडिलांनी दिलेलं. आम्ही घर बांधलं त्या वर्षी, ओल्या गोणपाटात गुंडाळून, गोव्यातून बांद्यापर्यंत डोक्यावरून आणलेलं. अप्पांचा जीव त्या झाडात. पहिला आंबा देवाला आणि दुसरा मास्तरांकडे, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. यंदा अढी पिकली तरी त्यांनी एकही फळ उचललं नव्हतं. रोज अढीपाशी जात, वास घेत आणि परत येत.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. हापूसची कलमं बांधायला पोर्तुगिजांनी शिकवलं, हे आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. चार महिने यादी चालली होती, आणि सगळ्यांना ठाऊक असलेली ही एक गोष्ट मास्तरांनी काढलीच नव्हती. आणि अप्पा दर रविवारी तिचीच वाट बघत होते.

अप्पांनी खाकरून विचारलं, "फॉस्टिन, यादीत आणि काय रवला?"

मास्तरांनी झाडाकडे बघितलं, अप्पांच्या लोंबत्या सदऱ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "कायच नाय. संपली."

"नक्की?"

"नक्की."

जयरामांनी बोलायला तोंड उघडलं आणि जन्मात पहिल्यांदाच न बोलता मिटलं.

अप्पा उठले. आत जाऊन अढीतला एक आंबा घेऊन आले आणि मास्तरांच्या पुढ्यात ठेवला. "ह्यां झाड कोणी दिल्यान?"

"माझ्या बापाशीन."

"खंयसून हाडल्यान?"

"गोंयातसून."

"आणि गोंयात कलम बांधूक कोणी शिकवल्यानी?"

मास्तरांची मान खाली गेली. जीव गेला तरी खोटं न बोलणारा माणूस, पोरीच्या लग्नासाठीही न बोललेला, आमच्या एका झाडासाठी खोटं बोलला होता. माझा मास्तरांवरचा सगळा राग तिथल्या तिथे ओसरला.

"बारा वर्सांनी गावलंस!" अप्पा ओरडले. त्यांचा आवाज चिरकला. "दंड! आता जेवूक घाल. कधी घालतंस ता बोल."

मास्तरांनी वर बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. "बुधवारी," ते म्हणाले. "दुपारी. मांडवात."

"पानात पडात ता सगळा खातलंय," अप्पा म्हणाले. "नियम आसा."

बुधवारी ते सगळ्यांच्या आधी पंगतीला बसले. देवळाकडची चार माणसं मांडवाबाहेरून बघत होती, त्यांना दिसेल अशा जागी. आग्नेसने चार महिन्यांचं उट्टं काढत कोंबडीची लालभडक शागोती वाढली. वर बटाटे आणि काजूही वाढले. अप्पांच्या नाकातून पाणी येत होतं, तरी ते खात होते. शेवटी मास्तरांनी आमच्याच झाडाचा आंबा कापून त्यांच्या पानात ठेवला, आणि बर्नादेत नव्या साडीत येऊन त्यांच्यासमोर बसून राहिली, ते तो संपवीपर्यंत.

आम्ही घरी आलो. संध्याकाळी मी चुलीपाशी बसले आणि सवयीने मिरी-तिरफळ पाट्यावर घेतलं. मागून अप्पांचा आवाज आला.

"आनंदी, ता ठेव. मिरसांग घे. दंड अजून फिटूक नाय."