तुलनेचा वर्ग

पडद्यावरची पाठ आपली आहे, हे सिहामला आधी कळलंच नाही. चेहरे सगळे धुरकट केले होते. मग त्या पाठीने फळ्यावर शंकू काढला, खाली घनफळाचं सूत्र लिहिलं आणि आवाज आला, "लिहून घ्या. बडबड नको." तो आवाज मात्र तिचाच होता.

शेजारी बसलेल्या हुयामने तिचा हात दाबला. "अगं, ही तर तू!"

जॉर्डनमधल्या सल्त गावच्या मुलींच्या शाळेतून दोघी सकाळच्या बसने अम्मानला, विद्यापीठाच्या या सभागृहात आल्या होत्या. दोघी गणितच शिकवायच्या. नववीची एक तुकडी हुयामकडे, दुसरी सिहामकडे. दोन वर्षांपूर्वी लुबना नावाची एक तरुण संशोधक कॅमेरा लावून वर्षभर त्यांच्या वर्गांत मागे बसली होती. हुयामला तिने पत्र्याचे डबे, वाळू, दोऱ्या असं काय काय आणून दिलं. सिहामला म्हणाली, "तुम्ही नेहमीसारखंच शिकवा, बाई. काहीच बदलू नका." सिहामला ती शाबासकी वाटली होती. घरी नवऱ्याला तिने सांगितलंही होतं, "माझं जसं आहे तसंच हवंय त्यांना." आज त्या संशोधनाचा निकाल ऐकायला येताना तिने ठेवणीतला रुमाल डोक्याला बांधला होता.

पडद्यावर हुयामचा वर्ग आला. मुली शंकूत वाळू भरून डब्यात ओतत होत्या. तिसऱ्यांदा ओतल्यावर डबा काठोकाठ भरला आणि वर्गात एकच गिल्ला झाला. सभागृहही हसलं. मग पुन्हा सिहामचा वर्ग. शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. खाली गेला. पुन्हा वर आला, तो बराच वेळ तसाच राहिला.

"बाई, पण—"

"प्रश्न नंतर," पाठ न वळताच म्हणाली.

"हा तुलनेचा वर्ग," लुबनाने श्रोत्यांना सांगितलं. "इथे आपण काहीच केलेलं नाही."

सिहाम पडद्याकडे झुकली. तो हात डावा होता. वर्गात डावखुरी एकच होती, रनीम. गणितात दोनदा नापास होऊन तिने शाळा सोडली, तेव्हा शिक्षिकांच्या खोलीत सिहामच म्हणाली होती, 'पोरीला गोडीच नाही.'

चहाच्या वेळी तिने लुबनाला गाठलं.

"मला आधी सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शिकवणं बदललं असतं, सिहामबाई. मग तुलना कशाशी करणार? आता या निकालावर सगळ्या शाळांत नवी पद्धत येईल. हजारो मुलींचं भलं होईल."

"आणि माझ्या मुली?"

लुबनाने पेला खाली ठेवला. "तसा कुणाचा अपमान करायचा नव्हता, खरंच."

"अपमानाचं सोडा. ती पोरगी काय विचारत होती?"

"कोण?"

"हात वर करून बसली होती ती."

"आम्ही… किती हात वर येतात ते मोजलं," लुबना अडखळली. "प्रश्न काय होते, ते नाही विचारलं कुणी."

हुयाम मध्ये पडली, "चल सिहाम, बस चुकेल."

सल्तला उतरल्यावर सिहाम घरी गेली नाही. पायऱ्या-पायऱ्यांच्या गल्लीतून वर चढत ती रनीमच्या दारात उभी राहिली. रनीमची आई – थोरल्या मुलाच्या, यझनच्या नावावरून सगळे तिला उम्म यझन म्हणत – एवढी दचकली की तिला आधी 'या' म्हणायचंही सुचलं नाही.

"पोरीने काही केलं का, बाई?"

"नाही हो. मीच आलेय."

खिडकीशी रनीम शिलाई यंत्रावर बसली होती. तोंडात टाचण्या. ती घाईने उठली, टाचण्या काढून हसली. आईने कॉफी आणली. सिहामने कप समोर ठेवला, उचलला नाही. उम्म यझन समजली. मागणं घेऊन आलेला पाहुणा ते मान्य होईपर्यंत कॉफीला हात लावत नाही.

"बोला बाई, काय हवं?"

"रनीम, शंकूच्या धड्याला तू मला काहीतरी विचारत होतीस. काय होतं ते?"

रनीमने आठवून पाहिलं. "नाही आठवत, बाई. खरंच. मला रोजच काहीतरी विचारायचं असायचं."

सिहाम म्हणाली, "माझ्याकडे येत जा. गणित पुन्हा करू. परीक्षा बाहेरून देता येते. उम्म यझन, एवढंच माझं मागणं आहे."

आईचा चेहरा उजळला. "अहो, उपकार होतील! रनीम, बाई स्वतः चालत आल्यात बघ!"

रनीम खाली मान घालून कापडाची कड बोटांनी चेपत राहिली. मग तिने वर पाहिलं.

"नको, बाई. तुमच्यावर राग नाही माझा. पण नको. तिकडे वर्गात बसलं की मला वाटायचं, मी ठोंबीच आहे. इथे तसं वाटत नाही."

"रनीम!" आई ओरडली. "बाईंची कॉफी तशीच आहे समोर!"

"असू दे, उम्म यझन," सिहाम म्हणाली. "तिने सरळ सांगितलं."

यंत्र पुन्हा सुरू झालं. नकार मिळूनही सिहामने कप उचलला. उम्म यझन अवाक होऊन बघत राहिली आणि सिहामने ती थंड, कडू कॉफी सावकाश, तळाच्या गाळापर्यंत पिऊन संपवली.