नानांचं तोंड

गावच्या राजाशी, म्हणजे नानांशी, कुणी थेट बोलायचं नाही अशी रीत होती. नानाही कुणाशी थेट बोलत नसत. मध्ये त्यांचा निरोप्या अनाने उभा. हातात सोन्याचा मुलामा दिलेली काठी, जिभेवर साखर. लोकांच्या संतापाची तो विनंती करी आणि नानांच्या धमकीचा आशीर्वाद. त्याच्या तोंडून येईपर्यंत नानांचा निवाडा हा निवाडाच नसे.

आज समोर म्हातारी मान्सा होती, शेजारी तिची एकुलती मेंढी. गुरुवारी नदी विसावा घेते, तेव्हा तिच्यात पाऊल टाकायचं नाही. काल गुरुवारीच मान्सा उतरली, कारण सोनंवाल्यांनी सोनं काढायला पात्रात खणलेल्या खड्ड्यात मेंढी रुतली होती. आणि या गुन्ह्याचा दंड काय, तर एक मेंढी!

"अनाने, लेकरा, सांग त्यांना," मान्सा कडाडली. "मी मेंढी ओढत होते तेव्हा सोनंवाल्यांचे पोकलेन नदीच्या छाताडावर नाचत होते. त्यांना नाही का गुरुवार? मासे मेले, पाण्याचा चिखल झाला. नदी झोपलीय की मेलीय, एकदा येऊन बघा म्हणावं. मढ्याला कसला विसावा?"

माणसं खाली बघून हसली. नानांनी पाण्याची प्लास्टिकची पिशवी दातांनी फाडली आणि घोटभर पाणी प्यायले. शहरातलं, विकतचं.

"जरा गोड करून ऐकव," ते पुटपुटले.

अनानेने ती पिशवी पाहिली आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाना, ती म्हणते, पोकलेनना गुरुवार नाही का? ती म्हणते, नदी मेलीय. मढ्याला कसला विसावा?"

नानांचा चेहरा काळवंडला.

"तिला सांग, सोन्यामुळे रस्ता आला, शाळेवर पत्रे आले. सोनंही राहील, नदीही राहील. विकासासाठी थोडं सोसावं लागतं. आणि मेंढी इथे बांधायची. सांग!"

सोसायचं मान्सानेच, आणि मेंढीही तिचीच! सगळे अनानेच्या तोंडाकडे बघत होते.

"सांग ना!" नाना ओरडले.

अनानेने ओठ घट्ट मिटले.

मान्सा थोडा वेळ थांबली. मग मेंढीचं दावं हाताला गुंडाळून ती घराकडे चालू लागली. तिला कुणी अडवलं नाही, कारण निवाडा झालाच नव्हता.